नळीवरचे तीन ठोके

"चपला बाहेर काढू का गं?" देओलिंदाने दारातच विचारलं.

"राहू दे ताई, ये आत," पाल्मिरा म्हणाली, पण तिचं लक्ष बहिणीच्या पायांपेक्षा त्या पायांखालच्या गालिच्यावर होतं. हा गालिचा ती स्वतः दर शुक्रवारी झाडायची. त्यावरून चपला घालून ती आजवर एकदाही चालली नव्हती.

देओलिंदा दोन दिवस बसमध्ये बसून पोर्तुगालच्या डोंगरातल्या गावाहून पॅरिसला आली होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेलं खोकं. खोक्यात घरचं डुकराचं सुकं मांस, कांदे आणि तेलाची बाटली. घामाने तिचा काळा झगा पाठीला चिकटला होता. नवरा गेल्यापासून ती काळंच घालायची, आणि पॅरिसमध्ये उन्हाने माणसं पडताहेत हे रेडिओवर ऐकूनही तिने कापडाचा रंग बदलला नव्हता.

दिवाणखान्यात पियानो पाहून ती थबकली. मग जवळ जाऊन तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने झाकणाचा कोपरा पुसला.

"फोटोतला हाच ना? आईने मरेपर्यंत तो फोटो उशाशी ठेवला होता."

"हाच," पाल्मिरा म्हणाली.

ते खोटं नव्हतं. फोटोतला पियानो हाच होता. सत्तावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा आदेलिनो या घराच्या खिडक्यांना रंग द्यायला आला होता. मालक बाहेर गेलेले पाहून त्याने गमतीने तिला पियानोशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. गावाला पाठवताना पाठीमागे काहीच लिहिलं नाही, एवढंच. काही न लिहिण्यातून मग एक घर उभं राहिलं. दर ऑगस्टला पाल्मिरा गावी जायची, चांगला झगा घालायची, कॉफीची पाकिटं वाटायची, आणि बायका विचारायच्या, "घर कसं आहे गं तुझं?" ती म्हणायची, "मोठं आहे, आवरता आवरत नाही." तेही खोटं नव्हतं. सहा मजल्यांचा जिना ती रोज पुसत होती.

ती त्या इमारतीची दरवानीण होती. फाटकाला लागून असलेल्या एका खोलीत ती राहायची. खाट, शेगडी, टपालाची फळी, आणि किल्ल्यांचा जुडगा. आदेलिनो होता तेव्हा रात्री एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागायची.

यंदा तिच्या जागी बदली माणूस मिळाला नाही, म्हणून गावी जाता आलं नाही. तसं तिने कळवलं, आणि आठवड्याने देओलिंदाचा फोन आला. "तू येत नाहीस ना, मग मीच येते. तिकीट काढलंय." दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर नेहमीप्रमाणे महिनाभर समुद्रावर गेले होते. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली तिच्याकडे होती. तीन दिवसांचाच प्रश्न होता.

"आणि शेजारी?" देओलिंदाने विचारलं. "कुणाचा आवाज नाही तो."

"ऑगस्टात इथे कोण राहतं? सगळे गेलेत. अख्ख्या इमारतीत आपण दोघीच."

हे मात्र खोटं होतं.

सहाव्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली, पूर्वी मोलकरणींसाठी असलेल्या एका खोलीत मादाम लेस्कुर राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी. उमेदीच्या दिवसांत बायकांच्या टोप्या शिवायच्या. आता जिना उतरवत नव्हता. दुपारी बारा वाजता पाल्मिरा त्यांना पाव आणि पाण्याच्या बाटल्या नेऊन द्यायची, पाच मिनिटं बसायची. टेलिफोनवर मादामचा विश्वास नव्हता. त्यांच्या खोलीतली गरम पाण्याची लोखंडी नळी सरळ खाली येत येत पाल्मिराच्या खाटेशेजारून तळघरात जायची. काही लागलं की मादाम कॉफीच्या चमच्याने नळीवर तीनदा ठोकायच्या. पाल्मिरा खालून किल्लीने एकदा ठोकायची. म्हणजे, आले.

बहीण यायच्या आदल्या दिवशी पाल्मिराने त्यांना सांगितलं होतं. मादाम हसल्या होत्या. "किती वर्षांनी पाहुणी येतेय तुमच्याकडे. माझी काळजी करू नका. मी काही पळून जात नाही."

पहिल्या दिवशी, देओलिंदा आंघोळीला गेली तेव्हा पाल्मिरा मागच्या जिन्याने धावत वर जाऊन आली. दारातूनच पाव दिला, बाटल्या ठेवल्या. खोली तव्यासारखी तापली होती. मादाम ओला रुमाल कपाळावर ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. "उद्या निवांत येते," पाल्मिरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बहीण उठायच्या आत तिने कचऱ्याचे डबे बाहेर नेले, अंगण धुतलं, हात साबणाने दोनदा धुऊन पुन्हा वर येऊन झोपेचं सोंग घेतलं. मग देओलिंदाला नदी बघायची होती. नदीकाठच्या तापलेल्या दगडांना हात लाववत नव्हता. झाडांची पानं जुलैतच वाळून पडली होती आणि पायाखाली कुरकुरत होती.

"एवढ्या मोठ्या शहराला एक कारंजं नाही का गं, तोंड बुडवायला?" देओलिंदा म्हणाली. "आणि ही माणसं बघ. अर्धी उघडी. आपले फादर इथे आले तर आंधळे होतील."

पाल्मिराला खूप दिवसांनी हसू आलं. परतायला साडेबारा झाले.

स्वयंपाकघरात झडपा बंद करून, अंधारात दोघी जेवायला बसल्या. देओलिंदा मांसाचे पातळ काप करत होती. कोपऱ्यातून खाली जाणारी तीच नळी वाजली.

टण. टण. टण.

देओलिंदाची सुरी थांबली. "कोण वाजवतंय?"

किल्लीसाठी तिचा हात सवयीने कमरेकडे गेला. पण अंगात चांगला झगा होता. त्याला खिसाच नव्हता. जुडगा खाली खोलीत खिळ्याला.

"जुन्या नळ्या आहेत ताई. उन्हाने फुगतात नि वाजतात."

ती म्हणाली आणि तिने पावाचा तुकडा मोडला. मनात हिशेब चालला होता. आता उठले तर ताई विचारणार, कुठे चाललीस? मीही येते म्हणणार. वर मी पाव-पाणी पोचवते हे तिला दिसणार, मग बाकीचंही विचारणार. जेवली की ताई जरा आडवी होईल, तेव्हा जाऊ. अर्ध्या तासाने काय होतंय.

देओलिंदा आडवी झाली नाही. तिला आईच्या दुखण्यातल्या गोष्टी सांगायच्या होत्या, ज्या फोनवर सांगता येत नाहीत. पाल्मिरा हुं हुं करत राहिली. पुन्हा नळी वाजली. दोनच ठोके. देओलिंदा बोलता बोलता थांबली आणि तिने पाल्मिराच्या तोंडाकडे पाहिलं. पाल्मिराने भांडी उचलली आणि नळ मोठा सोडला.

नळ बंद केला तेव्हा एक ठोका आला. अगदी हलका, कुणी नुसतं लोखंडाला चमचा टेकवावा तसा.

"नळी अशी थांबून थांबून वाजत नसते," देओलिंदा म्हणाली. "वर कोण आहे?"

"वर..."

"पाल्मिरा, वर कोण आहे?"

पाल्मिराने स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. त्या अरुंद जिन्याने देओलिंदा पुढे, नळीवर हात ठेवत ठेवत, एकेक मजला चढू लागली. तिचे गुडघे दुखत होते, तरी थांबली नाही. पाल्मिरा मागून चालली होती, जणू पाहुणी तीच. सहाव्या मजल्यावर हवा भट्टीच्या तोंडाशी असते तशी होती. दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही.

"किल्ली?" देओलिंदा म्हणाली.

पाल्मिरा सहा मजले धावत खाली गेली. चांगल्या झग्याची शिवण उसवली. जुडगा घेऊन, खालच्या फोनवरून बंबवाल्यांना बोलावून, पुन्हा सहा मजले वर आली. तिथे आजारी माणसाला न्यायला तेच येतात. तीस किल्ल्यांमधली नेमकी किल्ली तिने न बघता काढली. देओलिंदा ते पाहत होती.

मादाम नळीजवळ जमिनीवर पडल्या होत्या. चमचा हातातच होता. अंगाला घाम नव्हता, हात लावला तर चटका बसला. बाटल्या रिकाम्या होत्या. देओलिंदाने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, जिन्यातल्या नळाखाली भिजवून आणला आणि त्यांचं तोंड, मान, हात पुसू लागली. आपल्या भाषेत पुटपुटत होती, "असं नाही करायचं हं, आजी. डोळे उघडा बरं."

मादामनी डोळे उघडले. पाल्मिराला पाहिलं. ओठ हलले तेव्हा पाल्मिरा वाकली.

"माफ करा हं," मादाम म्हणाल्या. "पाहुण्या आहेत तुमच्याकडे. ठाऊक असूनही मी ठोकलं."

बंबवाले आले. स्ट्रेचर वळणावर अडकत अडकत उतरलं. त्यांच्यातल्या एकाने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "आपण नातेवाईक?"

"नाही. मी इथली दरवानीण."

देओलिंदाला ती भाषा येत नव्हती. पण भाषा यायची गरज राहिली नव्हती.

संध्याकाळी देओलिंदाने डॉक्टरांच्या घरातले कप धुतले, पुसले, होते तिथे ठेवले. चादर घडी केली. पियानोच्या झाकणावर तिच्या बोटांचा ठसा उमटला होता, तो तिने फुंकर घालून पुसला. मग बॅग आणि खोकं घेऊन ती स्वतःच खाली आली, फाटकाजवळच्या खोलीत, आणि खाटेवर बसली. खोलीत दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

बराच वेळ ती टपालाची फळी, शेगडी, खिळ्यावरचा निळा एप्रन बघत राहिली.

"आदेलिनोही इथेच?"

"इथेच."

"दोघं या खाटेवर?"

"हो."

"वेडी कुठली," देओलिंदा म्हणाली. "आम्हाला काय पियानो वाजवायचा होता?"

पाल्मिरा रडेल असं तिला वाटलं असावं. पाल्मिराला रडू आलं नाही. देओलिंदाने खाटेशेजारच्या नळीवर हात ठेवला.

"इथे ऐकू येतं?"

"स्पष्ट येतं."

"आणि वरती? जेवताना? तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

देओलिंदाने हात नळीवरून काढून मांडीत ठेवला. ती रागावली असती, एखादी थोबाडीत दिली असती, तर पाल्मिराने गाल पुढे केला असता.

मादाम लेस्कुर दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात वारल्या. सप्टेंबरात त्यांचा भाचा आला, खोली रिकामी केली, आणि पाल्मिराचे दोन्ही हात हातात धरून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून, मादाम. शेवटपर्यंत तुम्ही होतात." दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तर पाल्मिराने मादामना कसं सांभाळलं ते इमारतीतल्या सगळ्यांना सांगितलं. नाताळात टपालाच्या फळीवर चॉकलेटचे डबे नेहमीपेक्षा जास्त आले. पाल्मिराने ते तसेच, रिबिनीसकट, चर्चमध्ये नेऊन दिले.

पुढच्या ऑगस्टला बदली माणूस मिळाला आणि ती गावी गेली. देओलिंदाच्या नातीचा बाप्तिस्मा होता. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली लांब टेबल मांडलं होतं, चाळीसेक माणसं. शेजारची झुल्मिरा भाजलेल्या मटणाचं ताट पुढे सरकवत म्हणाली, "पाल्मिराला बरं, पॅरिसात एवढं मोठं घर. देओलिंदा, तू तर राहून आलीस. कसं आहे गं?"

देओलिंदाने मान वर केली नाही. "मोठं आहे," ती म्हणाली. "सहा मजले आहेत. स्वच्छ ठेवलंय तिने."

आपलं खोटं आता ताईच्या तोंडी गेलं होतं, आणि ताई ते किती जपून बोलत होती.

तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला बाळाच्या बापाला चार शब्द बोलायचे होते. त्याने ग्लासवर चमचा वाजवला. तीनदा.

पाल्मिरा उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली. हात कमरेशी गेला होता. दोन पावलं तिने घराच्या दिशेने टाकलीसुद्धा. सगळे गप्प झाले. त्यांना वाटलं, पॅरिसची मावशी काहीतरी बोलणार. माना वळल्या, कुणी ग्लास उचलून तयार धरले.

देओलिंदा जागची उठली, तिने पडलेली खुर्ची सरळ केली आणि बहिणीच्या मनगटाला धरलं.

"बस, पाल्मिरा," ती हळूच म्हणाली. "वर कुणी नाही आता."