ऑइल कूलरचं भिजत घोंगडं

बसवेशअण्णांना निर्णय घेता येत नाही असं सोलापूरच्या अक्कलकोट रोडवर कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. उभा जन्म स्पेअर पार्टच्या दुकानात गेलेला माणूस. गिऱ्हाइकानं दारात उभं राहून "अण्णा, गाडी अशी अशी वाजतीय" म्हणायचा अवकाश, अण्णांचा हात बरोबर त्या खोक्यावर पडायचा. आणि हाच माणूस एका ऑइल कूलरपायी उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत घोंगडं भिजत ठेवून बसला होता. आता याला काय म्हणावं!

गाडी मुलाची, गुरूची. जुनी पांढरी हॅचबॅक. गुरू कॉलेजात असताना बापलेकांनी दुकानामागच्या शेडमध्ये ती पार उघडी केली, मागचं सीट काढून टाकलं, आत, उलटली तरी माणूस वाचावा म्हणून, लोखंडी पिंजरा बसवला आणि शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्याजोगी केली. पुढं गुरू नोकरीला बेंगळुरूला गेला, गाडीही घेऊन गेला. मार्चमध्ये कोइमतूरच्या ट्रॅकवर दोन-चार चकरा झाल्या न झाल्या तोच इंजिनातलं ऑइल असं तापलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग ती ट्रेलरवर चढून पुन्हा सोलापूरच्या शेडमध्ये आली. ऑइल थंड ठेवणारा कूलर बसवायचा, एवढंच काम.

पण त्या गाडीमागोमाग गुरूचा फोन यायला लागला.

अण्णांची बायको शिवलीला होती तोवर मुलाचा फोन तिलाच यायचा. अण्णांच्या वाट्याला शेवटी "काय, बरं हाय नव्हं?" आणि "बरंय अप्पा." संपलं. ती गेली आणि तेवढंही विरळ झालं. घरात बोलणारं माणूसच उरलं नाही. टीव्ही लावायचा, तो आपला बडबडत राहायचा, अण्णा भिंतीकडं बघत बसायचे. अशात गाडी आली आणि दर रविवारी दुपारी फोन वाजायला लागला.

"अप्पा, कूलर रेडिएटरच्या पुढं लावायचा का बाजूला?"

पुढं लावला तर वारा भरपूर, पण त्याची धग मागच्या रेडिएटरला. बाजूला, बंपरमधल्या फॉग लॅम्पच्या भोकामागं लावला तर रेडिएटर मोकळा, पण वाऱ्याला वाट करून द्यायला पाहिजे. एक रविवार यात गेला. पुढचा गेला लहान कूलर का मोठा यात. मग साध्या रबरी नळ्या का वरून तारेची जाळी विणलेल्या. मग मधे थर्मोस्टॅट घालायचा का नाही. हा थर्मोस्टॅट म्हणजे ऑइलच्या वाटेवरचं एक दारच. ऑइल नीट तापेपर्यंत ते बंद, तापलं की उघडतं आणि ऑइलला कूलरकडं सोडतं.

अण्णांना उत्तर पहिल्याच रविवारी ठाऊक होतं. मध्यम कूलर, बाजूला, जाळीच्या नळ्या, मधे थर्मोस्टॅट. पण ते एकदा बोलून टाकलं की पुढच्या रविवारी बोलायचं काय? म्हणून म्हणायचे, "बघू की, घाई कसली?" ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय! त्यांना मुलाचा आवाज हवा होता, आणि तसं सांगायला जीभ रेटत नव्हती.

दिवाळी झाली आणि गुरू म्हणाला, "अप्पा, डिसेंबरात कोइमतूरच्या ट्रॅकवर नाव घातलंय. गुरुवारी ट्रेलर पाठवतो. तुम्हाला योग्य वाटेल ते बसवून टाका."

अण्णा "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र पुढच्या रविवारी काय, हेच आधी मनात आलं.

कूलर अडकवायची पट्टी वेल्डिंग करून द्यायला शेजारचा लेथवाला कल्लप्पा आला. अण्णांनी मांडलेलं सामान त्यानं बघितलं आणि थर्मोस्टॅट उचलून हसायलाच लागला. "बसुअण्णा, हे दार कशाला घालताय? आपल्या हितं ऑइल कदी गार असतंय व्हय? मोठ्यातला मोठा कूलर बसवा की थेट. लई इचार करताय बगा."

सोलापूरच्या माणसाचं हे असंच. सगळं जग आपल्यासारखंच भाजून निघालंय असं त्याला वाटतं. अण्णाही हसले. आणि हसता हसता थांबले.

डिसेंबरातली सकाळ, गार वारा, मोठा कूलर आणि मधे दार नाही. ऑइल नीट तापणारच नाही, घट्टच राहणार. तशात इंजिन दामटलं की ते आतल्या आत झिजणार. एकदम काही मोडणार नाही. पण फोन येणार, "अप्पा, ऑइल गरमच होत नाही हो." गाडी परत, रविवार परत. आणि अण्णांना बोल कोण लावणार? सोलापूरचा माणूस, उन्हाचा विचार करून बसला, चुकला बिचारा.

अण्णांनी मोठा कूलर बसवला. दार न घालता.

भर दुपारी कल्लप्पाला शेजारी बसवून वळसंग गावापर्यंत गाडी पळवून आणली. सोलापूरचं ऊन ते, ऑइल किती तापलं ते दाखवणारा काटा अगदी जिथं पाहिजे तिथं. "बगा, म्हनलं नव्हतं?" कल्लप्पा खूश. अण्णांनी मान डोलावली, पण त्याच्याकडं बघवेना. चोराच्या मनात चांदणं.

घरी आले. ताट पुढं घेतलं आणि घास उतरेना. पोरगं वळणावर जीव खाऊन गाडी घालणार, ते काही काट्याच्या भरवशावर नाही. अप्पांनी बसवलंय म्हणून. हे मनात आलं आणि अण्णांना स्वतःचीच शिसारी आली. "थू तुझ्या जिनगानीवर," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला होतं कोण? "भेटीला यावं म्हणून लेकराला आजारी पाडणारा बाप झालास की रे तू!"

हात धुऊन तसेच शेडमध्ये गेले. मोठा कूलर उतरवला. मध्यम बसवला, बाजूला. वाऱ्यासाठी पत्र्याची वाट केली. थर्मोस्टॅट घातला, नळ्या पुन्हा पुन्हा ओढून बघितल्या. आयुष्यात इतकं निगुतीनं काम त्यांनी केलं नसेल, आणि एकेक नट आवळताना रडूही येत होतं. गुरुवारी ट्रेलर आला आणि गाडी घेऊन गेला. रिकाम्या शेडचं शटर त्यांनी भरदिवसा ओढून घेतलं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी दुपारी फोन आला. मागं इंजिनांचा गोंगाट, गुरूचा आवाज चढलेला. "अप्पा, एक नंबर! गाडी शेवटपर्यंत पळाली. ऑइलचा काटा जिथं पाहिजे तिथून हललासुद्धा नाही."

"हां? बरं झालं. ब्रेक?"

"मस्त."

"गिअर अडकतोय का कुठं?"

"नाही हो."

"मागून काही आवाजबिवाज?"

"काहीच नाही अप्पा. एकदम ओके सगळं."

टायर विचारावेत का? पण टायर नवेच होते.

"मग ठेवू?" गुरू म्हणाला.

"गुरू," अण्णा एकदम म्हणाले, "गाडीला काही झालं नसलं तरी फोन करत जा की रे. मला करमत न्हाय."

पलीकडचा गोंगाट लांब गेला. गुरू कुठंतरी बाजूला जाऊन उभा राहिला असावा.

"अप्पा, कूलर कुठला बसवायचा ते इथल्या मेकॅनिकनं मला मार्चमध्येच सांगितलं होतं. इथंच बसवून देत होता तो."

"मग एवढ्या लांब गाडी कशाला धाडलीस?"

"आई गेल्यावर तुमच्याशी काय बोलायचं तेच मला कळत नव्हतं. गाडीचं तेवढं बोलता यायचं आपल्याला."

आता वाट मोकळी झाली होती, काय वाट्टेल ते बोलावं.

"जेवलास का?" अण्णांनी विचारलं.

"आता जाणार. तुम्ही?"

"जेवलो की."

"काय केलं होतं?"

शिवलीला गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. सकाळपासून तिथं गॅस पेटलेला नव्हता.

"काही नाही रे," ते म्हणाले. "एकट्यासाठी काय करायचं."