कडक पिशवी

टेलर मास्तरांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी पोटाला बारीक नळी बसवून दिली. घरच्या घरी पिशवीतलं साखरेचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं आणि काढून टाकायचं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण अन् जादा पाणी त्या साखरेकडे झिरपत येतं. पिशवी कमी साखरेची, म्हणजे सौम्य असली तर पाणी बेतानं येतं, जास्त साखरेची, म्हणजे कडक असली तर भसाभस. म्हणून कडक पिशवी अंगावर सूज चढली तरच लावायची. प्यायचं पाणी मात्र मोजून मापून, चहा तर बंदच.

त्यांची बायको संत्र्याच्या साली पाकात मुरवणाऱ्या कारखान्यात होती. तिथं सगळे तिला बाई म्हणत. एके संध्याकाळी बाई घरी येऊन बघतात तर मास्तर खुर्चीत पांढरेफटक, पोटऱ्यांत गोळे आलेले, उठवेना. बाईंनी दवाखान्यात फोन लावला. तिथली नर्स धावत आली. तिनं पोटातलं पाणी काढलं, पलंगावर आडवं करून पाय उंच केले, घोट घोट पाणी पाजलं. मग कपाट उघडलं. सौम्य पिशव्या जिथल्या तिथं, कडक साऱ्या संपलेल्या.

नर्स जाता जाता स्पष्टच बोलली. असंच चाललं तर आतला पडदा निकामी होईल, मग घर सोडून दवाखान्यातल्या यंत्राला बांधून घ्यावं लागेल.

बाईंना हे वेगळं सांगायला नको होतं. कोवळी साल एकदम घट्ट पाकात टाकली की पाक तिच्यातलं पाणी ओढून घेतो. साल अशी चिवट होते की मग देव आला तरी ती मऊ होत नाही. कामावर आलेल्या नव्या मुलीला पहिलं हेच शिकवतात, आणि इथं घरात हा घोडा झालेला माणूस! बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. दोन घोट पाण्यासाठी जीव द्यायला निघालात का, असं त्यांनी विचारलं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पाण्यासाठी नाही गं. तू स्वयंपाकघरात दार लोटून चहा पितेस. उभ्या उभ्या, चोरासारखी. म्हटलं, आधी पाणी काढून जागा करून ठेवावी, मग तुझ्याबरोबर अर्धा कप घेता येईल. तू इथं बसून तरी पिशील."

बाईंना वाटत होतं, यांना पत्ताच नाही. त्यांना भडभडून आलं. किती जपलं या माणसाला, आणि त्या जपण्यातच एकटं पाडलं.

डोळे पुसून त्यांनी चहा टाकला. भरला कप घेऊन मास्तरांच्या उशाशी येऊन बसल्या. पहिला घोट घेतला.

"कसा झालाय?" मास्तरांनी विचारलं.

बाईंना चव कसली कळतेय, पण त्या सांगू लागल्या. पत्ती जरा जास्त उकळलीय, दूध घट्ट आहे, साखर बेताची, वाफेनं चष्मा धुरकटलाय. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता दुसरा घोट घे."