झोपतानाची गोळी

“नाव काय म्हणालात, डॉक्टर?” आनंदीबाईंनी पुन्हा विचारलं.

“अ‍ॅमिट्रिप्टिलीन. रोज एक, झोपताना.”

आनंदीबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हे नाव त्या सोळा वर्षं ऐकत होत्या. वेड्यांच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात त्या आया होत्या. नर्सबाई रोज संध्याकाळी ज्या गोळ्या पुकारायच्या, त्यांत हे नाव असायचंच.

“मी काय येडी हाय? माझं आंग दुखतंय, डॉक्टर. डोक्यात काय नाय माझ्या.”

“वेड्या नाहीच तुम्ही. दुखणंही खरं आहे.” डॉक्टर वयाने कोवळा, पण बोलणं सरळ. “याला फायब्रोसायटिस म्हणतात. रक्तात, एक्स-रेत काही सापडत नाही. ही गोळी तुमच्या इस्पितळात मोठ्या मात्रेत देतात, तुम्हाला अगदी थोडी. झोप लागली की ठणका उतरतो. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. महिनाभर बघू.”

तीन वर्षांत बाईंनी काय काय केलं नव्हतं! दुकानातल्या दुखीच्या गोळ्यांनी पोटात आग पडली, एका वैदूच्या पुडीने तोंड भोपळ्यासारखं सुजलं. मानेपासून टाचेपर्यंतचं दुखणं आपलं जिथल्या तिथे.

घरी नवऱ्याला सांगितलं. आत्माराम बंदरावर मुकादम, थट्टेखोर गडी. “मग घरी कशाला येतेस गो? तकडंच ऱ्हा. खाट पन मिळंल.”

हीच थट्टा तो सोळा वर्षं करत होता आणि त्याही हसत होत्या. आज हसू आलं नाही. आत येणाऱ्या बायका त्यांनीच तर पाहिल्या होत्या. भाऊ, नवरे गोड बोलून आणून सोडत, दोन वर्षं भेटायला येत, मग पत्ताच बदलत. आत्माराम तसा नाही, असं मनाला कितीही बजावलं तरी भीती जाईना.

गोळ्या त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवल्या. आठ दिवस.

नवव्या दिवशी वॉर्डातली लादी पुसताना बाई खाली बसल्या त्या उठेचनात. आता नोकरी जाणार, हे लख्ख दिसलं. शेवटी मथुराने काखेत हात घालून उठवलं. मथुरा अकरा वर्षं इथे पेशंट. भाऊ सोडून गेला तो गेलाच.

“लय दुखतंय काय, आनंदीबाय?”

“लय गो.”

“डॉक्टरानं औषध नाय दिलान?”

बाईंनी फडकं बादलीत पिळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गोळी पदराला बांधून आणली. घरी घ्यायचा धीर नव्हता. काही झालंच तर नर्सबाई जवळ असाव्यात.

संध्याकाळी बाईंची कामाची पाळी संपता संपता नर्सबाईंनी गोळ्या वाटल्या. प्रत्येकीने गिळली की नाही हे तोंडात बघायचं काम बाईंचं. शेवटची मथुरा. नर्सबाई ट्रे घेऊन वळल्या तशा आनंदीबाई तिच्याच बाकावर टेकल्या, गाठ सोडली आणि डोळे मिटून गोळी पाण्याबरोबर घेतली.

मथुरा टक लावून बघत होती.

“आ कर,” ती म्हणाली.

“काय?”

“आ कर. जीभ वर.”

आनंदीबाईंनी तोंड उघडलं, जीभ उचलली. मथुराने वाकून, दोन्ही गालांच्या आत नीट पाहिलं.

“गेली,” म्हणाली, आणि त्यांच्या हातातला पेला घेऊन विसळायला गेली.