पेरलेला ठोका

तार

"सापडलास!" नीन्का ओरडली आणि पडद्यावरचा ठोका तिनं कचऱ्यात ढकलला. "वाउटर, या वेळी केक तुझ्याकडून."

वाउटर पावाला लोणी लावत राहिला. कान तेवढे लाल झाले.

रीतच होती तशी. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत वाउटरनं अधूनमधून एखादा खोटा ठोका पेरायचा. शोधणारे जागे आहेत ना, बघायला. फसेल किंवा पकडला जाईल त्यानं सगळ्यांना सफरचंदाचा केक खिलवायचा. आणि समोरचा एखादा ठोका खरा म्हणून जगाला कळवेपर्यंत पेरणाऱ्याच्या तोंडाला कुलूप. नीन्का दोनदा फसली होती. दुधानं तोंड पोळलेली, आता ताकच काय, पाणीही फुंकत होती.

मध्य

खरा ठोका म्हणजे कुठल्याशा दूरच्या आकाशगंगेतला निमिषभराचा कडकडाट. वाटेत त्याचे सूर पांगतात. तार आधी पोचतो, मंद्र रखडत मागून. नीन्का ज्याच्या मागावर होती, तो ठोका गेल्या वर्षी एकदाच वाजला होता. पुन्हा वाजला आणि इतर दुर्बिणींनीही ऐकला, तर त्याच्या घराचा पत्ता लागणार. पण उद्यापासून दुर्बिणीची तबकडी गंज काढायला बंद.

आणि जेवणाच्या सुट्टीत, तोंडात चीजचा घास असताना—

"हे काय ध्यान आलंय?"

ठोका तिच्याच दिशेचा. पण पायऱ्या उतरल्यासारखा तुकड्यातुकड्यांत. खालचा कोपरा बाहेरच्या लहरींनी कुरतडलेला. बाहेर फिरायला आलेलं कुणीतरी मोबाइल बंद करायला विसरलं असणार.

"तूच ना रे?"

"मी कसं सांगू? नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम! सगळ्या युरोपला कळवलं आणि खोटा निघाला तर?"

"तर केक मोठा आण."

नीन्का त्याच्या पावाकडे बघत राहिली. लोणी चारही कोपऱ्यांपर्यंत. त्यावर चॉकलेटचे दाणे, एकसारखे. कोपरा कोरडा राहिला तर पाव न खाणारा हा माणूस असला फाटका ठोका पेरेल?

तिनं सगळ्यांना कळवून टाकलं.

मंद्र

पोलंडच्या दुर्बिणीवरून बोझेनाचा फोन आला. "अगं, आमच्याकडेही आलाय! तोच, तसाच पायऱ्यापायऱ्यांचा! स्वीडनवालेही नाचतायत. पत्ता काढतो आता."

वाउटर काही दुसऱ्याच्या दुर्बिणीत ठोके पेरू शकत नव्हता. नीन्का हसत सुटली.

"कळवून झालं ना तुझं?" वाउटरनं विचारलं. "मग आता बोलू?"

"बोल की."

"आज मी काहीच पेरलं नव्हतं."

हसणं थांबलं. "म्हणजे मघाचा..."

"माझे कान काय उगाच लाल होतात?"

"अरे माठ्या! खोकायचं तरी!"

"खोकणं पण बोलण्यातच धरतात."

नीन्कानं कचरा उघडला. आठवडाभराचा होता. "मी कितीदा 'सापडलास' म्हणाले रे?"

"चारदा."

"आणि तू पेरलेस किती?"

"एक."

नीन्कानं बाह्या सरसावल्या. "केक तू आण," ती म्हणाली, "मला आता वेळ नाही."