पोट भरलेले ढेकूण

ढेकूण पाळणे ही माझी नोकरी. हसा खुशाल, माझी बहीणही हसते. फवारे बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत ढेकूण ठेवायचे, पातळ पापुद्र्याआडून त्यांना कोमट रक्त पाजायचे आणि नवं औषध आलं की त्यांच्यावर वापरून बघायचं, हे माझं काम.

गेल्या वेळी साहेब म्हणाले, "चाचणीच्या दिवशी सकाळी ढेकणांना पाजून घ्या. उगाच उपाशी मरायला नकोत." मला कळत होतं. जेवून सुस्तावलेला ढेकूण औषध असो नसो, जागचा हलत नाही. तरी मी पाजलं. मग औषधाची पट्टी आखली, पलीकडे माणसाच्या अंगाची ऊब म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली. वीसपैकी एकोणीस ढेकूण अलीकडेच लोळत राहिले. 'ढेकूण फिरकत नाहीत' असं अहवालात लिहून मी खाली सही ठोकली. साहेबांशी वाद कोण घालणार!

तो फवारा पहिल्यांदा विकला गेला तो बाबा जिथे राहतात त्या वृद्धाश्रमाला. बाबांचं उजवं अंग लुळं पडलंय, वाचाही गेलीय. शनिवारी मी भेटायला गेले, तर त्यांच्या लुळ्या दंडावर लालबुंद गांधी, तीन-तीनच्या ओळीत. कूस बदलता येत नाही त्या माणसाला! खाटेच्या पायांना फवाऱ्याचा वास अजून येत होता आणि गादीच्या शिवणीत ढेकूण बुजबुजले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवसापासून एका बरणीला रक्त दिलं नाही. दहाव्या दिवशी साहेबांना टेबलापाशी बोलावलं आणि तीच पट्टी, तीच पिशवी मांडली. उपाशी ढेकूण पट्टीपाशी आले, क्षणभर थबकले, मिशा हलवल्या आणि सरळ ओलांडून गेले. वीसपैकी सतरा.

"भुकेल्या ढेकणांवर कुणी चाचणी करतं का?" साहेब म्हणाले.

"मग काय जेवलेल्यांवर करायची? जेवून माणसाला चावायला कोण निघतं, साहेब? तिकडे माझ्या बापाला फाडून खातायत!"

"आवाज खाली. अहवालावर सही कुणाची आहे?"

चोराच्या उलट्या बोंबा! पण बोंब मारायला चोराला जागा मीच दिली होती. साहेबांचा राग येत होताच, त्याहून जास्त माझा येत होता. ढेकणासंगे हिरा भंगला म्हणतात. मी तर हिरासुद्धा नव्हते.

दोन्ही चाचण्यांचे आकडे एका कागदावर लिहिले, सही केली आणि तडक वृद्धाश्रम गाठला. नोकरी गेली तर गेली. बाबांच्या खाटेशी सिस्टर चादर बदलत होत्या. त्यांच्या हातात कागद दिला.

"पहिला अहवाल खोटा आहे. तो मीच लिहिला. ढेकणांना आधी पाजलं होतं. हा फवारा बंद करा, गाद्या बाहेर काढा, खाटांवर वाफ सोडा."

सिस्टरनी कागद दोनदा वाचला. "अहो, आम्ही गाद्या फेकायलाच निघालो होतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या बाबांनीच फवाऱ्यासोबत आलेल्या अहवालावरची तुमची सही बोटाने दाखवली. दहा वेळा दाखवली. म्हणून तर थांबलो."

मी बाबांकडे पाहिलं. ते सगळं ऐकत होते. मलमाची डबी उघडली, खाली बसले आणि त्यांचा लुळा हात माझ्या मांडीवर घेतला.

बाबांनी डाव्या हाताने तो हात उचलला आणि परत आपल्या छातीवर ठेवला.