रेघेतला कोपरा

सकाळी तिने काढलेला आलेख साहेबांनी बघितला, "छान" म्हणाले आणि कारखान्याला परवानगी देऊन मोकळे झाले. दोन पंपांपैकी एक दुरुस्तीला उघडायचा होता आणि तोवर रसायन शिजवणाऱ्या रिअ‍ॅक्टरला निम्म्याच थंड पाण्यावर भागवायचं होतं. आतला माल शिजताना आपणहून तापतो. पाणी कमी पडलं तर तो किती तापेल, एवढंच तिला समीकरणं सोडवून सांगायचं होतं. संगणकावरच्या तिच्या नोटबुकमध्ये ते हातचं काम होतं. कप्प्यात आकडे भरायचे, कळ दाबायची, की खाली रेघ उमटते. रेघ थोडी चढली, उंचवटा करून खाली आली. धोक्याच्या लाल पट्ट्याच्या कितीतरी खालून.

जेवणानंतर अहवालात घालायला म्हणून तिने तोच आलेख मोठा केला आणि तिची नजर उंचवट्याच्या माथ्यावर अडली. तिथे कोपरा होता, दोन काड्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात तसा. तापमान असं कोपऱ्यावर वळत नाही.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गणित क्षणाक्षणाच्या बारीक पावलांनीच झालं होतं, पण फाइल जड होऊ नये म्हणून तिने दूरदूरचेच बिंदू ठेवले होते. आलेखाने ते निमूटपणे जोडून टाकले. दोन बिंदूंच्या मध्ये काय घडलं, याचा त्याला पत्ताच नव्हता.

तिने सगळे बिंदू मागवले. रेघ पुन्हा उमटली. या वेळी ती लाल पट्टा फोडून सुईसारखी सरळ वर गेली.

गणितातलीच गफलत असेल, तिने स्वतःला समजावलं आणि गणिताचं पाऊल निम्मं केलं. गफलत असती तर सुई विरघळली असती. ती जागची हलली नाही. पुन्हा निम्मं केलं. सुई तिथेच.

पंप एव्हाना उघडलेला असणार. तिने कंट्रोल रूमला फोन लावला. तो तिच्या धाकट्या दिरानेच उचलला. आज पाळी त्याची होती.

"वहिनी? इथे कसा काय फोन? दादाने परत किल्ली हरवली की काय?"

"भाऊजी, रिअ‍ॅक्टरचं तापमान?"

"चढतंय हळूहळू. पण तुम्ही काळजी करू नका, तुमचा आलेख समोरच चिकटवलाय. उंचवटा येणार हे तुम्हीच दाखवलंय ना? त्याच्या बरोबरीनेच चाललोय आम्ही."

तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"फाडून टाका तो. चुकलाय. माल खालच्या थंड पाण्याच्या टाकीत सोडा, आत्ताच्या आत्ता."

"अख्खा माल? अहो, वाया जाईल सगळा. साहेबांना विचारावं लागेल."

"विचारायला वेळ नाही, भाऊजी. मी हात जोडते."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, काटा बघ, कसा पळायला लागलाय!" मग दिराचाच आवाज आला, पण ओळखू न येण्याइतका चिरका. "झडप उघडा! बाकीचे बाहेर पळा, चला!" फोन कशावर तरी आदळला. भोंगा सुरू झाला.

ती रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून बसून राहिली. बाकीच्यांना बाहेर पळा म्हणणारा स्वतः आतच होता, हे तिला भोंगा ऐकता ऐकता कळलं. तिने तीनदा त्याला हाक मारली. समोर पडद्यावर ती सुई तशीच उभी होती आणि तिला पडदा बंद करायचंही सुचेना.

बऱ्याच वेळाने कुणीतरी फोन उचलला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"वहिनी," दीर म्हणाला, "उतरतंय."

ती मान खाली घालून टेबलावरच रडली.

संध्याकाळी तो स्वतःच्या घरी न जाता थेट त्यांच्याकडे आला. तिच्या नवऱ्याने त्याला पाणी दिलं. त्याने ते एका दमात संपवलं.

"अजून थोडा उशीर झाला असता तर?" त्याने विचारलं.

हे उत्तर तिला एक कळ दाबून मिळालं असतं. लॅपटॉप शेजारच्याच पिशवीत होता.

"माहीत नाही, भाऊजी," ती म्हणाली, आणि पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.