दिवा चालू होता

आमच्या विमानतळाचा फिरता दिवा पाण्याच्या टाकीवर बसवलाय. एकदा पांढरा, एकदा हिरवा. शहराच्या झगमगाटात तेवढा एकच दिवा वैमानिकाला सांगतो की बाई, उतरायचंय ते इथे. त्याची देखभाल माझ्या सख्ख्या भावाकडे. मी टपालाचं छोटं विमान चालवते.

आठवड्याच्या सुट्टीनंतरची ती पहिलीच फेरी. टेकडी ओलांडली आणि दिवा दिसेचना. डोळे फाडफाडून पाहिलं. घरं, दुकानं, जाहिरातींचे फलक, सगळं लखलखत होतं. हिरवं कुठेच काही फिरत नव्हतं. शेवटी दिव्यांची एक सरळ ओळ दिसली, तिलाच धावपट्टी समजून खाली आले. तो हमरस्ता निघाला. समोरून ट्रक आला तेव्हा विमान कसंबसं वर खेचलं. दोन घिरट्या घालून विमानतळावर उतरले खरी, पण ट्रकवाल्याने बोंब ठोकायची ती ठोकलीच.

सकाळी चौकशी लागली. माझा परवाना साहेबांच्या टेबलावर होता.

"दिवा चालू होता?" त्यांनी दादाला विचारलं.

"चालू होता, साहेब. टॉवरमधल्यांनीही पाहिलाय." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "हिचीच नजर हल्ली कमी झालीय. सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

मी जन्मात कधी सुई हातात धरलेली नाही! साहेबांनी परवाना ड्रॉवरमध्ये टाकला. डोळ्यांची तपासणी होऊन निकाल लागेपर्यंत माझं उडणं बंद. निकाल विरुद्ध गेला, तर कायमचंच.

तावातावाने दादाचं घर गाठलं. ते विमानतळाच्याच वसाहतीत, टाकीच्या समोर आहे. वहिनी बाळाला थोपटत होती.

"हळू बोला हं वन्सं, आत्ता कुठे डोळा लागलाय. पहाटे तो मेला हिरवा उजेड पुन्हा खिडकीतून यायला लागला. आठवडाभर कसा गाढ झोपत होता! यांनी दिव्याला या बाजूने पत्रा लावला होता ना. तुमचं विमान उतरलं आणि हे धावत जाऊन काढून आले. का काढला, तुम्हीच विचारा."

मी गर्रकन वळले. मागे दारात दादा उभा होता.

"मला सांगायचं तरी होतंस!"

"सांगितलं असतं तर काढायला लावला असतास."

"आणि माझ्या नजरेचं?"

"नोकरी गेली तर हे घर जाईल. तुझं काय, एकटा जीव."

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी भांडले असते. भावानेच केसाने गळा कापला, आता कुणाशी भांडू? मी साहेबांच्या कचेरीकडे निघाले. तो मागून धावत आला, माझा दंड धरला.

"अगं ऐक तरी! मी काय वेडा आहे? लावताना नीट विचार केला होता. त्या बाजूने रात्री कुणाचंच विमान येत नाही. फक्त तुझं येतं."

हे ऐकून माझी समजूत पटेल असं त्याला वाटत होतं. मी हात सोडवून घेतला आणि कचेरीची पायरी चढले.